महाविष्णू ऑर्केस्ट्रा कुठून ऐकायला घ्यावं?

वेचक गाण्यांच्या यादीतून उड्या मारू नकोस. या जॅझ-रॉक बँडचा १९७१चा पहिला अल्बम ‘दि इनर माउंटिंग फ्लेम’ सलग ऐक. जॉन मॅकलॉफ्लिनच्या गिटारचा वेग थक्क करतोच, पण तू कान बिली कोबहॅमच्या ड्रम्सवर ठेव. ‘डान्स ऑफ माया’त आधी एक तिरपागडा तुकडा येतो, मग अचानक ब्लूज सुरू होतो आणि शेवटी दोन्ही एकमेकांवर चढतात. तिथे मांडीवर ताल धरून सम शोध. चुकशील, चुकू दे.

मग १९७३चा ‘बर्ड्स ऑफ फायर’. त्याच वर्षाअखेरीस मूळ पाच जणांचा संच फुटला. सहकाऱ्यांनाही आपापल्या रचना वाजवायच्या होत्या, आणि बँड तर मॅकलॉफ्लिनचा! लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतचा १९७४चा ‘अपोकॅलिप्स’ मला जरा जडच जातो, तो मागाहून. त्याआधी मॅकलॉफ्लिनचाच दुसरा बँड ‘शक्ती’ ऐक. तिथे हाच माणूस अकूस्टिक गिटार घेऊन आपले माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर (मातीच्या घड्यावर) विक्कू विनायकराम यांच्याबरोबर बसलाय. फक्त चांगले इअरफोन लाव, फोनच्या स्पीकरवर घटमचा खर्ज पार गायब होतो.