चष्मा सोडवणारं शिबिर

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस 2.25. गावात एकवीस दिवसांचं शिबिर आहे. त्राटक, तळहातांनी डोळे झाकणं, कोवळ्या उन्हाकडे बघणं. चष्मा कायमचा सुटतो म्हणतात, पण तेवढे दिवस तो काढून ठेवायचा. पाठवू का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, नका पाठवू. उन्हाकडे तर मुळीच बघू देऊ नका, पडदा भाजतो.

मला स्वतःला मायनस 6 आहे. आठवीत असताना दिवाळीच्या अख्ख्या सुट्टीत आजीनं मला पहाटे दवावरून अनवाणी चालवलं, तिन्हीसांजेला निरांजनासमोर बसवलं. नंबर होता तिथंच राहिला. आजी म्हणाली, "गाजरं कमी पडली."

तळहातांचा प्रकार ऋषिमुनींचा नाही बरं का. न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डॉक्टरांनी 1920 च्या पुस्तकात तो मांडला. जवळचं-लांबचं दिसतं ते डोळ्याबाहेरचे स्नायू डोळ्याचा गोळा दाबतात-ताणतात म्हणून, असा त्यांचा समज. ते काम आतल्या भिंगाचं. लांबचं अंधुक दिसणाऱ्या मुलांचा डोळाच सहसा लांबलेला असतो. मिलिमीटरभर लांबला की साधारण अडीच-तीन नंबर. तो व्यायामानं आखूड होत नाही. लेझरनंही नाही, तिथं फक्त डोळ्याचा पुढचा पारदर्शक पापुद्रा तासतात.

मग शिबिरातल्या मुलांना दिसायला कसं लागतं? असाच एक पोरगा माझ्याकडे आला होता. तक्ता धडाधड वाचायला लागला. मी मध्येच तक्त्याचा दिवा बंद केला, तरी याचं चालूच : "टी, ओ, झेड, एल, पी, ई, डी..." दुसरा तक्ता लावला, तर दुसऱ्याच ओळीत गाडी अडली.

एक मात्र विचारते, नंबर डोळ्यांत स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासला होता का? सतत जवळचं बघून आतला स्नायू आखडला, तर खोटा नंबर दिसतो आणि तो खरंच उतरतो. तपासला नसेल तर आधी ते करा.

नंबर खरा निघाला तर तो उतरणार नाही, वाढीचा वेग कमी करता येतो. त्यासाठी अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब मिळतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रोज बाहेर खेळू द्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत शंभरातल्या साधारण 30 जणांना नंबर लागला, बाकीच्या शाळांत 40 जणांना. एवढाच फरक, पण खरा.

शिबिराच्या पैशांत जादाचा चष्मा करून ठेवा. चौथीतली पोरं काडी मोडतातच.