अण्णांच्या ट्रीटमेंटसाठी दोन एकर केळी विकू का?

रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा मेसेज आलाय. वडील ७२ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. जळगावच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्याला हार्मोनचं (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन आणि त्याच कामाच्या रोजच्या अ‍ॅबिराटेरॉन गोळ्या सांगितल्या, पण कुणीतरी मोठ्या शहरातल्या ल्युटेशियम थेरपीचं पॅकेज कानावर घातलं, म्हणून आता अण्णांच्या नावावरची दोन एकर केळीची जमीन विकायला काढलीय, गिऱ्हाईक इसार घेऊन बसलंय. पोस्टात सीनियर सिटिझन बचत योजनेत ८ लाख आहेत. आणि अण्णांना फक्त "गाठ आहे" एवढंच सांगितलंय.

भाऊ, इसार घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

हा आजार एका बिलात मिटणारा नाही, खर्च महिन्याच्या महिन्याला वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे एकदम तीस-चाळीस लाख हातात घेऊन बसण्यात अर्थ नाही, दर महिन्याला काय येतंय ते बघायला पाहिजे. ८ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १६,४०० रुपये व्याज येतं आणि इंजेक्शनही तिमाहीलाच आहे, म्हणजे पहिली जुळणी तिथंच करून बघा. मोडायचीच वेळ आली तर दोन वर्षं झालेल्या खात्यात १ टक्काच कापला जातो. विकलेली जमीन मात्र परत येत नाही, आणि वडिलोपार्जित असेल तर बहिणीचाही हिस्सा आहे, तिची सही लागेल.

आता ल्युटेशियम, म्हणजे कॅन्सरच्या पेशींपर्यंत जाणारं किरणोत्सारी औषध. ती थेरपी साधारण हार्मोनला आजार दाद देईनासा झाला की मग येते, अण्णांचा तर पहिला डोसही झालेला नाही. २०२१ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात, आधीची औषधं थकलेल्या पेशंटमध्ये, निम्मे पेशंट जगले तो काळ ११.३ महिन्यांवरून १५.३ वर गेला. उलट सुरुवातीलाच हार्मोनबरोबर अ‍ॅबिराटेरॉन दिलं त्या अभ्यासात तोच आकडा ३६.५ महिन्यांवरून ५३.३ वर गेला होता. दोन्हीकडचे पेशंट वेगळे, थेट तुलना होत नाही हे मान्य, पण आधी पैसा कुठं लावायचा ते कळतं ना. गोळ्यांच्या छापील किमतीवर जाऊ नका, जेनेरिकची एमआरपी आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यात खूप फरक असतो, चार ठिकाणी विचारा. डॉक्टरांना हेही विचारा की रोज १००० एमजी उपाशीपोटी घेण्याऐवजी २५० एमजी नाश्त्यासोबत चालेल का, २०१८ च्या ७२ पेशंटच्या छोट्या ट्रायलमध्ये पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा) जवळपास तेवढाच उतरला होता. पण डोस स्वतःहून कमी करायचा नाही म्हणजे नाही.

इंजेक्शनऐवजी अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशनही असतं, परिणाम तोच आणि खर्च एकदाच. पैशाच्या हिशोबात तेच जिंकतं, मी तरी तेच म्हणेन. पण शरीर अण्णांचं आहे, माझ्या कॅल्क्युलेटरचं नाही. काही माणसं "एकदाची झंझट मिटवा" म्हणतात, काहींना नुसता विचारही सहन होत नाही, आणि ऑपरेशन मागे घेता येत नाही, इंजेक्शन थांबवता येतं. हे त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही ठरवणार कसं? आणि भाऊ, जमीन त्यांच्या नावावर आहे, रजिस्टर ऑफिसात अंगठा तेच लावणार, तिथं तर कळणारच की एवढा पैसा "गाठी"साठी लागत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसवून सांगा, किती दिवस, किती त्रास, घरी राहायचंय की धावपळ करायचीय, ते त्यांना बोलू द्या.

सत्तरीवरच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. अ‍ॅडमिट होऊन केलेल्या गोष्टींना ते कामाचं, घरच्या गोळ्यांचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. तुमचा पगार जुन्या टॅक्स रिजीममध्ये असेल तर इन्कम टॅक्सच्या ८०डीडीबी कलमाखाली ज्येष्ठांच्या कॅन्सरखर्चावर १ लाखापर्यंत वजावट आहे, स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

सेकंड ओपिनियनला मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर भुसावळहून तिकीट काढताना कॅन्सरची सवलत घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट मात्र आधीच घेऊन ठेवा. आणि गिऱ्हाईकाला सांगा, दोन-तीन महिने थांब.