जुन्या बोलेरोत गरम होणारी सीट बसवता येईल का? बॅटरी उतरेल का?

बसवता येते. बॅटरीही उतरत नाही, फक्त वीज कुठून घेतली यावर सगळं अवलंबून आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुड पट्ट्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. मे महिन्यात ४६ अंशांत भाजणाऱ्या मुलखात सीट गरम कशाला करायची, असं म्हणून लोक हसतात. पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि पहाटे संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर काय गारठा असतो ते कास्तकारालाच ठाऊक.

तुमची गाडी २०११ ची बोलेरो. आंबिया बहाराचा संत्र्याचा माल पुढे जातो आणि मागून तुम्ही लिलावासाठी नागपूरच्या कळमना बाजारात निघता. हीटर आहे पण वारा कोमटच येतो, कंबर धरते, आणि शेजारी बसणाऱ्या वडिलांना शुगर आहे, असं तुम्ही लिहिलंय.

सीटच्या आधी त्या कोमट हीटरकडे बघा. आपल्याकडे गाडी उन्हाळ्यात गरम झाली की मेकॅनिक इंजिनाचा थर्मोस्टॅट वॉल काढून फेकतो. हा वॉल थंड इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं आणि हीटरलाही त्याच पाण्याची ऊब मिळते. वॉलच नसला तर हिवाळ्यात पाणी धड तापतच नाही. हीटर कोमट राहतो आणि डिझेलही जास्त जातं. तपासणं सोपं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावा, पंख्यापासून बोटं सांभाळून. नळी बराच वेळ गार राहून मग एकदम तापली तर वॉल ठीक आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर वॉल काढलाय किंवा उघडा अडकलाय. नवा बसवून घ्या. मेकॅनिक म्हणेल, "उन्हाळ्यात पुन्हा गरम होईल." होत असेल तर दोष बहुतेक वेळा रेडिएटरचा असतो. बोअरचं पाणी ओतून ओतून आत क्षार बसतात, खारपाणपट्ट्यातल्या गाड्यांचे रेडिएटर तर खोलून बघण्यासारखे असतात. रेडिएटर साफ करून कूलंट भरा. वॉल काढणं हा त्यावरचा इलाज नाही.

एवढं करूनही डिझेल गाडीचा हीटर तापायला वेळ घेतो, तेव्हा सीटचा पॅड लावणं वायफळ नाही. तो पाण्याची वाट बघत नाही, काही मिनिटांत पाठीला ऊब लागते. बाजारात एक बुडाखालचा आणि एक पाठीचा असे पॅड जोडीने मिळतात. एका सीटचे दोन्ही मिळून साधारण ५० वॅट खातात, म्हणजे १२ व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर. हेडलाइटचा एक बल्ब ५५-६० वॅटचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. इंजिन चालू असताना अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, हा बोजा काहीच नाही. पण इंजिन बंद आणि पॅड रात्री दहा तास चालू राहिला तर चाळीसेक अँपिअर-तास गेले. सकाळी स्टार्टर नुसता टक टक करेल.

म्हणून वीज रिलेतूनच घ्या. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, तिच्या पिनांवर नंबर असतात. बॅटरीच्या प्लसवरून वायर काढा, बॅटरीपासून वीतभर अंतरातच १० अँपिअरचा फ्यूज लावा, आणि ती रिलेच्या ३० नंबरला जोडा. ८७ वरून वायर पॅडच्या स्विचला. ८६ ला चावी फिरवल्यावरच करंट येणारी वायर, ८५ बॉडी अर्थला. चावी काढली की पॅड बंद, कोणी स्विच विसरलं तरी. एका सीटला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते, दोन सीट असतील तर अडीच घ्या आणि प्रत्येक सीटला वेगळा फ्यूज ठेवा. अर्थ देताना रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसा. सिगारेट लायटरच्या वायरला टॅप मारून देणारे पुष्कळ भेटतील. त्याच फ्यूजवर मोबाइल चार्जर, टेप आणि आता पॅड असं सगळं लटकवू नका.

आता पॅड कुठे ठेवायचा? किटबरोबरच्या कागदावर मूळ कापड सोलून फोमवर चिकटवायला सांगतात. त्यासाठी सीटच्या खाचेतल्या लोखंडी कड्या तोडाव्या लागतात आणि पॅड त्या खाचेखालून सरकवावा लागतो. मागे एका गाडीची सीट आमच्या कुशनवाल्याने अशीच सोलली, तर फोमच्या पोकळीत सरकी, नोटेचा तुकडा आणि उंदराचं घरटं. तो म्हणाला, "भाऊ, इथं तं याचा पुरा संसार हाये." खालच्या वायरचं इन्सुलेशन बोटभर लांबीचं कुरतडलेलं, तांबं उघडं. गोठ्याजवळ, कापसाच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत हे व्हायचंच. वायर काळ्या कॉरुगेटेड स्लीव्हमधूनच (वळ्यांच्या प्लास्टिक नळीतून) न्या, आणि सीट पुढे-मागे सरकते तेवढी ढील सोडा, नाहीतर रूळच वायर कापेल.

तुमच्या सीटवर मूळ कापड आणि वरून शिवलेलं रेक्झिन असणार. माझा सल्ला, पॅड या दोघांच्या मध्ये घाला. आपल्याला तो जेमतेम दोन-अडीच महिने लागतो. मधोमध असला की मार्चमध्ये कपलर (वायरचा जोड) सोडवून काढून ठेवता येतो, उन्हाळ्याच्या तापात वाळत पडत नाही. अट एकच, रेक्झिन ताठ हवं. पॅडला घडी पडली की त्या जागी उष्णता साठते आणि जळायची सुरुवात तिथूनच होते. वरून जाड टॉवेल किंवा गादीही टाकायची नाही. बसवून झाल्यावर अर्धा तास चालू ठेवून तळहात फिरवून बघा. एखादी जागा जास्त चटका देत असेल तर तो पॅड परत करा. वायरवाला पॅड कापून लहान करायचा नाही. तुमच्या गाडीत नाही, पण सीटच्या पाठीत एअरबॅग असलेल्या गाडीला हे काम करूच नका, कव्हर आणि पॅड दोन्ही तिच्या आड येतात. जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या बेल्टचाही अलार्म असतो, त्याचा सेन्सर बहुधा बुडाखालीच असतो, तो दाबून टाकू नका.

कंबर धरायचं कारण बसलेला फोमही असू शकतो. इतक्या वर्षांच्या सीटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला खड्डा पडलेलाच असतो. कुशनवाल्याकडे गाडी जाणारच आहे तर फोम भरून घ्या, कदाचित पॅडपेक्षा त्याचाच गुण जास्त येईल.

वडिलांच्या सीटला मात्र पॅड लावू नका. जुन्या शुगरमध्ये कातडीची जाणीव कमी होते. ४५ अंशांच्या आसपासची उष्णताही एकाच जागी तासन्‌तास लागली तर कातडी भाजते. आपण चटका लागला की सरकतो, त्यांना तो कळणारच नाही, आणि शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही. त्यांच्यासाठी वॉल बसवून हीटर नीट करा आणि मांडीवर घोंगडी द्या.