वही पुरावा म्हणून पाठवलीत, पण वाचलीत का?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. आता मँटिस श्रिंप नावाचा समुद्री जीव ठोसा कसा मारतो, याचे व्हिडिओ बघत बसते. सहामाहीत मार्क घसरले. इंटरनेट बंद केलं, वही काढून घेतली. त्या पानांचे फोटो सोबत आहेत. बायोलॉजीकडे लक्ष राहावं म्हणून तिला गणित सोडायला लावतोय. तिला चार शब्द सांगा. – एक वडील

उत्तर : ‘ठरलं होतं’ असं लिहिलंत. कुणी ठरवलं, ते पत्रात कुठेच नाही. मला काळजी वाटली ती याची, मार्कांची नाही. आणि चार शब्द सांगायचेच तर ते तिला नाहीत, तुम्हाला आहेत.

वहीची पानं मी सावकाश वाचली. २००४ मध्ये जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी मोजलेला वेग तिने टिपलाय : पीकॉक मँटिस श्रिंपचा ठोसा पाण्यात सेकंदाला २३ मीटरपर्यंत जातो. त्याखाली तिचा प्रश्न आहे, ‘स्नायू इतक्या झटकन आकसूच शकत नाही, मग ही शक्ती येते कुठून?’ या विषयातला कळीचा प्रश्न हाच. स्नायू सावकाशच आकसतो. तेवढा वेळ अवयव कडीत अडकून असतो आणि कवचाचे लवचिक भाग वाकून ऊर्जा साठवतात. कडी सुटली की सगळी ऊर्जा दोन-तीन मिलिसेकंदांत बाहेर पडते. धनुष्य हळूहळू ताणावं नि बाण एकदम सुटावा, तसं. पुढच्या पानावर बळाचा आलेख आहे, त्याला दोन शिखरं. पहिलं प्रत्यक्ष ठोशाचं, १५०० न्यूटनपर्यंत जाणारं. दुसरं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, पाण्यात तयार झालेले वाफेचे बुडबुडे कोसळण्याचं. दोन्ही तिने नीट ओळखलीत. ज्याला तुम्ही टाइमपास म्हणता तो हा!

एक वाक्य मात्र तिला खोडायला सांगा : ‘बंदुकीच्या गोळीइतका वेग’. सेकंदाला २३ मीटर म्हणजे ताशी ८३ किलोमीटर, गोळी कितीतरी पुढे असते. गोळीशी तुलना होऊ शकते ती त्वरणाची. ते गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १० हजार पटींपर्यंत जातं.

आता गणिताचं. ‘प्राण्यांचा अभ्यास म्हणजे बायोलॉजी, तिथे गणित कशाला’ हा समज मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्यापायी चांगल्या मुलांचे रस्ते बंद झालेले पाहतोय. वर लिहिलेली एकही गोष्ट गणिताशिवाय कळत नाही. पटेक जीवशास्त्रज्ञ आहेत, पण त्यांचं काम बळ, ऊर्जा आणि शक्ती मोजण्याचं. हा ठोसा मारणारा गदेसारखा अवयव हजारो आघात सोसून टिकतो कसा, हे डेव्हिड किसायलस यांच्यासारखे पदार्थवैज्ञानिक शोधतात : बाहेर कठीण खनिजाचा थर, आत कायटिनच्या, म्हणजे कवचातल्या चिवट द्रव्याच्या, तंतूंची पिळासारखी फिरत जाणारी रचना, त्यामुळे तडा सरळ आत शिरत नाही. त्या कडीचं तत्त्व तपासायला अभियंत्यांनी रोबोटही बनवला. तिन्ही दारं गणित असेल तर उघडी. गणित आज सोडलं तर तीन वर्षांनी ते परत मिळवणं फार जड जातं. ते सोडायला लावू नका.

प्रवेश परीक्षांचे रस्ते तुम्हाला पाठ असणारच. प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा मेकॅनिकल, तिन्हींतून बायोमेकॅनिक्सकडे, म्हणजे सजीवांच्या हालचालींमागचं बळ आणि ऊर्जा अभ्यासणाऱ्या या शाखेकडे, जाता येतं.

हे काम आरामाचं आहे असं मी म्हणणार नाही. संशोधनातल्या जागा कमी, पीएचडी लांबलचक, कमाई उशिरा. हे तिला जरूर सांगा, पण माहिती म्हणून. धाक म्हणून नको. आणि मार्क घसरलेत तेही खरं आहे. अभ्यासाचे तास ठरवा, तिच्याशी बोलून. वही मात्र आजच परत द्या.

सुट्टीत तिला मोबाइलच्या स्लो मोशनवर नाकतोड्याची उडी टिपू द्या. सेकंदाला २४० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं, म्हणजे श्रिंपचा अख्खा ठोसा मधल्या फटीत निसटेल. नाकतोड्याची उडी मात्र बरीचशी टिपता येईल. प्रत्येक फ्रेममधली जागा मोजून वेग काढणं हे कंटाळवाणं काम आहे. व्हिडिओ बघायला सगळ्यांनाच आवडतं. हे मोजमाप ती महिनाभर करत राहते का, ते बघा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, मार्कांचा उल्लेख नसला तरी चालेल.