गोवा एवढा श्रीमंत, मग आतल्या सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या माणसाला मोठ्या इस्पितळासाठी पणजीजवळची बांबोळीच का गाठावी लागते?

कारण गोव्याचा पैसा आणि मोठ्या सोयी किनाऱ्याच्या पट्ट्यात, पणजी-म्हापसा-मडगाव-वास्कोच्या आसपास साचल्या आहेत. दरडोई उत्पन्नाचा आकडा मात्र सगळ्या राज्याचा मिळून काढतात. मी सत्तरीतलाच. वाळपईच्या सरकारी इस्पितळात ताप, बाळंतपण निभावतं. मेंदूला मार लागला की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हणजे दीड तास धरा. १०८ फुकट आहे, पण सोबत गेलेला माणूस परततो कदंबच्या सरकारी बसने, आणि ती संध्याकाळनंतर वाड्यावर येतच नाही. त्याचा बुडालेला रोज कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

सांग्याचं तर आणखी विचित्र. साळावली धरणासाठी कुर्डी गाव पाण्याखाली गेलं, आणि ते पाणी नळाने दक्षिण गोव्यातल्या शहरांना जातं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक आपल्या घरांची जोती बघायला जातात.

मात्र सगळा दोष अंतराचा नाही. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सांग्यातले ट्रकवाले एका फटक्यात घरी बसले, आणि त्यात अंतराचा काही संबंध नव्हता. शिवाय किनाऱ्यावरही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला सोयी जवळ असून परवडतातच असं नाही.