‘विथ’ म्हणजे सोबत की समोर?

प्रश्न असा आहे: “‘ही फॉट विथ हिज ब्रदर’ याचं भाषांतर मी ‘तो भावासोबत लढला’ असं केलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘भावाशी लढला’ केलं. कोशात तर ‘विथ’ म्हणजे ‘सह, सोबत, बरोबर’ असंच दिलंय. मग चुकलं कुठे? आणि या ‘विथ’चे एकूण अर्थ किती, समानार्थी शब्द कोणते?”

अर्थ किती, ते मोजायच्या फंदात पडू नका. एक कोश चार कप्पे पाडतो, दुसरा त्याच कप्प्यांना पोटकप्पे पाडतो. शब्द तोच, फक्त कपाट बदलतं.

तुमचं वाक्य मात्र इंग्रजीतच दुतोंडी आहे. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून तिसऱ्याशी लढले, की एकमेकांच्या उरावर बसले, हे ‘विथ’ सांगत नाही. पुढे ‘अगेन्स्ट’ आला तर उलगडा होतो, नाहीतर मागचापुढचा मजकूर बघावा लागतो. संदर्भ नसेल तर इंग्रजी वाचक बहुधा भांडणच समजतो, म्हणून तपासणाऱ्यांनी ‘शी’ केलं असावं.

या दुतोंडीपणाला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोर’ असाच होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. जर्मनमधला ‘मिट’, डचमधला ‘मेट’ आणि स्वीडिशमधला ‘मेड’ ही त्याची भावंडं अजून ठणठणीत आहेत. इंग्रजीत मात्र मध्ययुगात ‘विथ’नं ‘मिड’चं सगळं काम बळकावलं आणि तो बिचारा नामशेष झाला. उरला तो ‘मिडवाइफ’मध्ये. सुईणीसाठीच्या या शब्दातला ‘मिड’ ‘मधला’ या अर्थाचा नाही. ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसता ‘बाई’, म्हणून मिडवाइफ म्हणजे ‘बाईसोबत असणारी’. ‘विथ’चा जुना बाणा पाहायचा असेल तर ‘विथस्टँड’ बघा: विरुद्ध उभं राहणं, तग धरणं. ‘विथड्रॉ’ आणि ‘विथहोल्ड’मध्ये तो ‘मागे, दूर’ अशा छटेने शिल्लक आहे.

‘विरुद्ध’चा ‘सोबत’ कसा होतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. आपला ‘शी’ घ्या. ‘दाराशी उभा’, ‘पायाशी बसला’ यात नुसती जवळीक आहे. मग ‘मित्राशी बोलला’, ‘शेजाऱ्याशी भांडला’, ‘शत्रूशी लढला’, ‘शत्रूशी तह केला’. ‘शी’ला प्रेमाचं सोयर नाही आणि वैराचं सुतक नाही. दोन माणसं समोरासमोर आली एवढंच तो सांगतो, पुढचं क्रियापदानं बघून घ्यावं. लढायलाही समोरचा जवळच यावा लागतो, आणि ‘विथ’ याच वाटेनं गेला असणार.

फरक इतकाच, की आपण ‘शी’ आणि ‘सोबत’ वेगळे ठेवले, इंग्रजीनं दोन्ही एकाच शब्दात कोंबले. म्हणून मराठीत ‘भावाशी लढला’ आणि ‘भावासोबत लढला’ ही दोन वेगळी वाक्यं होतात.

खरं तर ‘विथ’चा मराठी जोडीदार एखादा शब्द नाहीच; ती आहे तृतीया विभक्ती. शाळेत ‘ने, ए, शी’ घोकले तीच. संस्कृतात ही आणखी स्वच्छ दिसते. पाणिनी तृतीया कुठे कुठे लावायला सांगतो पाहा: साधन (कुऱ्हाडीने तोडणे), सोबत (‘पुत्रेण सहागतः पिता’), ओळखीची खूण (‘जटाभिस्तापसः’, म्हणजे जटांवरून ओळखू येणारा तापस) आणि कारण. या चारही ठिकाणी इंग्रजी भाषांतरात ‘विथ’ खपतो. जटाधारी तापस तर शब्दशः ‘विथ मॅटेड हेअर’!

सोबतीच्या सूत्रात पाणिनीनं एक बारीक गोष्ट घातली आहे: ‘सहयुक्तेऽप्रधाने’. ‘सह’च्या जोडीला जो येतो तो दुय्यम. मुलासह बाप आला, तर वाक्य बापाचं, मुलगा सोबतीला. म्हणून क्रियापद एकवचनी. ‘बाप आणि मुलगा’ म्हटलं की मात्र ‘आले’. जुन्या वळणाचं इंग्रजी व्याकरणही हेच सांगतं: ‘द कॅप्टन, विथ हिज प्लेअर्स’ याच्यापुढे ‘वॉज’, ‘वेअर’ नाही. मला हे साम्य फार आवडतं.

साधनाच्या अर्थाकडे वळू. इथे इंग्रजी आपल्यापेक्षा काटेकोर आहे. करणारा असेल तर ‘बाय’, हत्यार असेल तर ‘विथ’. मराठीत ‘चोराने सुरीने वार केला’: चोरालाही ‘ने’, सुरीलाही ‘ने’. ‘बसने आला’, ‘शाईने लिहिलं’, ‘थंडीने कुडकुडला’ यांत एकाच ‘ने’मागे इंग्रजीचे ‘बाय’, ‘इन’ आणि ‘विथ’ लपलेले असतात. उलट भाषांतर करताना मराठी माणसाची गाडी इथेच घसरते.

खुणेच्या अर्थात आपली सरशी. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे भाषाशास्त्राच्या वर्गातलं लाडकं वाक्य. दुर्बीण कोणाकडे आहे? मराठीत हा घोळ घालताच येत नाही. ‘दुर्बिणीतून माणूस पाहिला’ किंवा ‘हातात दुर्बीण असलेला माणूस पाहिला’, दोन्हींतलं एक निवडावंच लागतं. ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ इथे तर ‘विथ’चं काम ‘ची’ करते.

ताबा असेल तर कडे, जवळ, पाशी: ‘किल्ली शेजाऱ्यांकडे ठेव’. ‘डाउन विथ’ला सरळ ‘मुर्दाबाद’.

नवशिके अडखळतात ते पुढच्या दोन जागी. एक, जिथे ‘विथ’ अख्ख्या उपवाक्याचं ओझं वाहतो. ‘विथ द लाइट ऑन’ झोपला, म्हणजे ‘दिवा चालू ठेवून’ झोपला. ‘विथ युअर माउथ फुल’ बोलू नकोस, म्हणजे ‘तोंडात घास असताना’. ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’ म्हणजे ‘इतके दोष असूनही’. ‘-ऊन’, ‘असताना’, ‘असूनही’: हे शब्दयोगी अव्ययांच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. ‘चालू दिव्यासह झोपला’ असं मी खरोखर छापलेलं वाचलंय.

दुसरी जागा, जिथे ‘विथ’ मराठीत विरूनच जातो. ‘प्रोव्हाइडेड देम विथ वॉटर’ म्हणजे ‘त्यांना पाणी पुरवलं’, बस्स. पण ‘लोडेड द कार्ट विथ हे’मध्ये (इंग्रजी ‘हे’, म्हणजे गवत) तो विरत नाही. ‘गाडीत गवत भरलं’ म्हटलं तर थोडंसंही असेल. ‘गाडी गवताने भरली’ म्हटलं की काठोकाठ. इंग्रजीतही ‘विथ’ आला की असाच भरगच्चपणा येतो, म्हणून इथे ‘ने’ टाळू नका.

इंग्रजी समानार्थी शब्द विचारलेत. सोबतीसाठी ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘अलाँगसाइड’, साधनासाठी ‘यूझिंग’, ‘बाय मीन्स ऑफ’, खुणेसाठी ‘हॅविंग’, कारणासाठी ‘ड्यू टू’, ‘बिकॉज ऑफ’, विरोधासाठी ‘अगेन्स्ट’. समानार्थी शब्द बदलून बघणं हा अर्थ ओळखायचा चांगला उपाय आहे. जो शब्द वाक्यात बसला, तो अर्थ.

मराठीचा साठा मात्र याहून रसरशीत. ‘सह’ औपचारिक, ‘बरोबर’ घरगुती. ‘सकट’मध्ये नको असलेलंही ओढून आणल्याचा भाव असतो: सालासकट, मुळासकट. ‘सहित’ पोथीतला, ‘संगे’ आणि ‘सवे’ कवितेतले. ‘निशी’ माझा विशेष लाडका: पुराव्यानिशी, अंगावरच्या कपड्यांनिशी, सर्व शक्तीनिशी. ‘पूर्वक’ आणि ‘स’ वेगळेच: आदरपूर्वक, सविस्तर, सचित्र, सपत्नीक. इंग्रजीला ‘विथ हिज वाइफ’ असे तीन शब्द लागतात, आपण एका शब्दात घरी पोचतो.

एवढं सगळं हाताशी असताना हल्ली सगळीकडे एकटा ‘सोबत’ राबतो, याचा मला राग आहे. ‘माझ्यासोबत असं झालं’ हे हिंदीच्या ‘मेरे साथ’चं सावत्र भावंड. मराठीत ते ‘माझ्या बाबतीत’ होतं, किंवा ‘माझ्यावर अशी वेळ येते’. ‘त्याच्यासोबत बोलले’ नको, ‘त्याच्याशी बोलले’. आणि ‘तिने मित्रासोबत लग्न केलं’ वाचलं की मी विचारतो, दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली का? नवरा मित्रच असेल तर ‘मित्राशी’ म्हणा.

तेव्हा तुमच्या वाक्याच्या आधीचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा. तिथे दोघांचा एकच शत्रू असेल तर ‘भावासोबत’ तसंच ठेवा आणि तपासणाऱ्यांना तो शत्रू दाखवा. वाटणीचा वाद चाललेला असेल, तर ‘शी’ मान्य करा. आणि मग ‘लढला’पेक्षा ‘भांडला’ बरं.