केन ताकाकुरा: कुठून सुरुवात करावी आणि काय पाहावं

प्रश्न असा होता: 'ब्लॅक रेन' या हॉलिवूडपटात जपानी नट केन ताकाकुरा ओसाकाचा शिस्तशीर पोलीस दिसतो, फारसा बोलतही नाही. मग जपानमध्ये त्याचा एवढा दरारा कशाचा, आणि जुने सिनेमे कोणत्या क्रमाने पाहावेत?

'ब्लॅक रेन' १९८९चा. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता आणि त्याची पडद्यावरची प्रतिमा घडून दोन दशकं झाली होती. जपानी प्रेक्षक ती प्रतिमा मनात घेऊनच थेटरात शिरतो, आपल्याकडे ती नसते, म्हणून ते पात्र फिकं वाटतं. तो सिनेमा शेवटी पुन्हा पाहा.

जन्म १९३१चा, क्यूशू बेटावरच्या फुकुओका प्रांतातल्या नाकामाचा. कोळशाच्या खाणींचा मुलूख. खरं नाव ओदा गोइची. १९५५मध्ये तोएई या चित्रपट कंपनीत दाखल झाला, पुढच्या वर्षी पहिला सिनेमा आला आणि मग काही वर्षं मिळेल ती भूमिका केली. मिसोरा हिबारी या गायिका-नटीसोबतचे हलकेफुलके सिनेमेसुद्धा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीने तोएईच्या सामुराईपटांचा प्रेक्षक पळवला आणि कंपनी 'निन्क्यो' सिनेमांकडे वळली. निन्क्यो म्हणजे दिलेल्या शब्दासाठी जीव देणाऱ्या, जुन्या वळणाच्या याकुझांच्या, म्हणजे जपानी टोळीवाल्यांच्या, कथा. ताकाकुरा खरा घडला तो इथे.

पहिला पाहा 'अबाशिरी बांगाइची' (१९६५). अबाशिरी हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं तुरुंगाचं गाव, 'बांगाइची' म्हणजे घरनंबर नसलेला पत्ता. दिग्दर्शक इशी तेरुओ. कृष्णधवल चित्रण, सगळीकडे बर्फ, आणि एकाच बेडीत अडकलेले दोन पळालेले कैदी. मालिकेचे १८ भाग निघाले, पहिले १० इशीचे. ते ओळीने पाहायचा हट्ट धरू नका. गोष्ट पुढे सरकत नाही, तीच माणसं नव्या प्रसंगात येतात आणि चौथ्या-पाचव्या भागात कंटाळा येतो.

मग 'शोवा झांक्योदेन' मालिकेतला १९७०चा भाग, दिग्दर्शक माकिनो मासाहिरो. एकच निन्क्यो पाहायचा असेल तर हाच. या मालिकेत हानादा हिदेजिरो हे नायकाचं नाव अनेक भागांत येतं, पण गोष्ट दर वेळी नव्याने सुरू होते. 'हा तर मागच्या भागात तुरुंगात गेला होता' असा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. तो हिशोब सोडून द्या.

साचा ठरलेला असतो. एक जुनी, नेकीने चालणारी टोळी असते. पैसा आणि वशिला असलेली नवी टोळी तिचा धंदा बळकावायला बघते. नायक अपमान गिळतो, मार खातो, हात उचलत नाही, कारण मालकाला तसा शब्द दिलेला असतो. याला 'गिरी' म्हणतात, म्हणजे बांधिलकी. आणि आतून उसळणारं ते 'निन्जो', म्हणजे माणसाच्या मनातली भावना. सिनेमाचा बहुतेक वेळ या दोघांच्या ओढाताणीत जातो, तलवार उपसली जाते ती अगदी शेवटी. म्हणूनच फक्त शेवटच्या मारामारीच्या क्लिपा पाहणाऱ्याला काही कळत नाही. ताकाकुराचा जबडा, खाली झुकलेली नजर, उत्तर देण्याआधी घेतलेला श्वास, हे पाहत बसा. सोसणं इतक्या जवळून दाखवणारा नट विरळा.

शेवटी तो रात्री एकटा निघतो आणि वाटेत सहनायक (नट इकेबे र्‍यो) त्याला येऊन मिळतो. दोघे किमोनोत, जेमतेम दोन वाक्यं बोलतात, आणि मागे ताकाकुराच्याच आवाजातलं गाणं: पाठीवर गोंदलेल्या सिंहाचं आणि पिओनीच्या फुलाचं. १९६०च्या दशकाच्या शेवटी आंदोलनातले विद्यार्थी रात्रभराच्या खेळांना गर्दी करायचे ते या चालण्यासाठीही.

सबटायटलबद्दल एक सावधगिरी. १९७०च्या या भागाचं स्वतःचं नाव 'शिन्दे मोराइमासु'. इंग्रजीत ते नुसतं 'मर' असं होऊन जातं. मुळातलं क्रियापद अदबीचं आहे. मराठीत 'आपल्याला आता मरावं लागेल' असं काहीसं. धमकीची सगळी धार त्या 'आपल्याला'मध्ये आहे. इंग्रजी सबटायटल वाचताना ही अदब मनात धरूनच वाचा.

१९७३मध्ये फुकासाकु किंजीच्या हिरोशिमाच्या टोळ्यांवरच्या सिनेमाने याकुझांचा हा उदात्त मुलामा खरवडून काढला, आणि त्यातला नट सुगावारा बुन्ता नवा चेहरा ठरला. ताकाकुराने १९७६मध्ये तोएई सोडली. त्याआधीचा सिडनी पोलॅकचा 'द याकुझा' (१९७४) जरूर पाहा. अमेरिकन नट रॉबर्ट मिचमसमोर तो तसूभरही कमी पडत नाही.

यानंतर यामादा योजीचा 'पिवळा रुमाल' (१९७७). नायक सुटून येतो तो अबाशिरीच्याच तुरुंगातून, म्हणून आधी १९६५चा सिनेमा पाहायला सांगितलं. खानावळीत बिअरचा ग्लास दोन्ही हातांत धरून तो घोट घेतो, मग रामेन (रश्श्यातल्या शेवया) आणि कात्सुदोनवर (तळलेलं डुकराचं मांस घातलेला भात) तुटून पडतो. या दृश्यासाठी ताकाकुरा दोन दिवस उपाशी राहिला होता. शत्रू नाही, तलवार नाही, आणि तरी तोच माणूस. जपान अकादमीच्या चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार या सिनेमाला आणि अभिनेत्याचा ताकाकुराला मिळाला.

शेवटी फुरुहाता यासुओचा 'पोप्पोया' (१९९९): बंद होऊ घातलेल्या रेल्वेमार्गावरचा स्टेशनमास्तर. चित्रण इकुतोरा स्थानकात झालं. तो मार्गही २०२४मध्ये खरोखरच बंद झाला. फलाटावर बर्फात ताठ उभा राहून तो शिट्टी वाजवतो आणि हात दाखवतो, तेव्हा अपमान गिळणारा हानादा हिदेजिरो आठवेल. त्यानंतर 'ब्लॅक रेन' लावा.